आधार काय?

दूध नासलंय असं सांगितलं तरी माझे भोपाळचे घरमालक विचारायचे, "आधार?" मग स्वतः ओट्यापाशी जायचे, पातेल्यात चमचा बुडवून चाखायचे आणि म्हणायचे, "हां. मान्य." हा 'मान्य' मी त्यांच्या तोंडून नासलेल्या, फुटलेल्या नाहीतर गळणाऱ्या वस्तूंबद्दलच ऐकला. चांगल्या गोष्टीला त्यांनी कधी मान्य म्हटल्याचं मला आठवत नाही.

सांगलीहून बदली होऊन मी भोपाळला गेले, तेव्हा अरेरा कॉलोनीतल्या त्यांच्या घराची वरची खोली मला मिळाली. खाली ते आणि काकू. मुलगा कॅनडात. काका मूळचे ग्वाल्हेरचे, सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात झालेली. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं आणि त्यावर आक्षेप काढायचे. निवृत्तीनंतर तपासायला ऑफिसचे कागद उरले नाहीत, तेव्हा त्यांनी इतिहास हाती घेतला. बखरी, जुन्या पत्रव्यवहाराचे खंड, पिवळी पडलेली पंचांगं यांनी त्यांची खोली भरली होती. कानावर कायम पेन्सिल. दाढी करतानासुद्धा.

ओळखीतल्या एका लग्नाच्या पत्रिकेत तिथी आणि वार जुळत नव्हते, तर त्यांनी पेन्सिलीने दुरुस्ती करून ती पत्रिका मुलीच्या वडिलांना परत पाठवली. वर लग्नाला गेले आणि पोटभर जेवून आले. मुलीच्या वडिलांनी पुढे त्यांच्याशी बोलणं सोडलं, याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटायचं. "चूक होती ना? मग?" टोमॅटो खात नसत. पथ्य वगैरे काही नव्हतं. आपल्या खापरपणजोबांच्या ताटात तो नव्हता, एवढंच कारण. बटाटा मात्र आवडायचा, त्यामुळे त्याचा विषय घरात निघत नसे.

खोली बघायला गेले त्या दिवशीच त्यांनी विचारलं, "वाचता का काही?"

"मिळेल ते," मी म्हटलं.

त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "ही हिची कादंबरी. वाचा. आणि खरं सांगा. चहा प्यायलात म्हणून चांगलं बोलू नका."

काकू तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या.

त्या उज्जैनच्या. मुलगा परदेशी गेला, घर रिकामं झालं आणि साठी जवळ आल्यावर त्यांनी लिहायला घेतलं. सकाळचे पोहे आटोपले की जेवणाच्या टेबलावर बसून लिहायच्या. गोष्ट त्यांना काकांच्याच एका बखरीत सापडली होती. माळव्यातल्या एका मराठा सरदाराच्या कुटुंबकबिल्याचं वर्णन करता करता बखरकाराने एक ओळ लिहिली होती, की सुनेने नालबंदास शेला दिला. बस, एवढीच. काकांनी ती ओळ कितीदा तरी वाचली असेल. काकू तिथे अडकल्या. सरदाराची विधवा सून घोड्यांना नाल ठोकणाऱ्या माणसाला शेला कशाला देईल? त्या प्रश्नाची त्यांनी कादंबरी केली, आणि इंदूरच्या एका लहानशा प्रकाशकाने ती छापली.

मला विचाराल तर कादंबरी मध्यम होती. सूर्यास्त फार होते. नायिकेचे डोळे येता-जाता भरून यायचे. पण त्यात एक प्रकरण होतं. घोडीच्या खुरात खिळा रुतलाय, नालबंद तो काढतोय आणि सून दिवा धरून उभी आहे. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. दोघंही घोडीशी बोलतात. "थोडं सोस गं बाई," असं तो घोडीला म्हणतो. "सोसतेच आहे ती," असं ही म्हणते. ते प्रकरण वाचताना माझं वरण करपलं.

मी खाली जाऊन काकूंना तसं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "करपलेलं वरण खाऊ नकोस. आमच्याकडे जेव आज."

त्या पुस्तकाबद्दल कॉलोनीतल्या मराठी घरांमध्ये दोन तट पडले होते, आणि काका घरी आलेल्या प्रत्येकाला अभिप्राय विचारत. समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी तर इतकी रडले, इतकी रडले, पेशंट बाहेर बसून राहिले होते." एका निवृत्त प्राध्यापकांनी ओठ मुडपून सांगितलं, की अलीकडे बायका इतिहासाला जरीचे परकर नेसवायला लागल्या आहेत. आणखी एक गृहस्थ आले ते तापलेलेच. "आमच्या घराण्यात विधवा सुना देवघराच्या बाहेर येत नव्हत्या. हे असलं लिहून तुम्ही काय साधलं?" डॉक्टरीणबाईंच्या मुलीची तक्रार उलटीच होती. "काकू, रोमान्स कम है! एकदा तरी हात धरायचा होता ना त्याने!" काकू त्यावर खूप हसल्या होत्या.

काकांना यातले वाईट अभिप्राय तेवढे पाठ होते. ते जेवताना म्हणून दाखवायचे. चांगल्या अभिप्रायांचं त्यांच्या लेखी काही वजन नव्हतं. "चहा पिऊन जाणारा माणूस दुसरं काय बोलणार?"

मी गेले त्याच हिवाळ्यात मराठी मंडळाने पुस्तकावर चर्चा ठेवली. काकू ठेवणीतली चंदेरी नेसल्या होत्या. हॉल भरलेला होता. प्राध्यापक बोलले, डॉक्टरीणबाई बोलल्या, मग अध्यक्षांनी श्रोत्यांपैकी कुणाला काही म्हणायचंय का असं विचारलं. तिसऱ्या रांगेतून काका उठले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुस्तक उघडलं. प्रत्येक पानाला चिठ्ठी लावलेली होती.

"नायिका समई लावते," ते म्हणाले. "कशाने? आगपेटीने! त्या काळात आगपेटी तिला कुठल्या किराणा दुकानात मिळाली?"

लोक हसले.

"नायिका टोमॅटोचं सार करते. टोमॅटो! विलायतेहून मागवला असेल." पुन्हा हशा. "आता हे ऐका. वैशाख वद्य द्वादशी, रात्रीचा पहिला प्रहर. दोघं चांदण्यात उभे आहेत. वद्य द्वादशीला चंद्र उगवतो पहाटे. मग हे चांदणं कुणाचं? नगरपालिकेचं?"

आता लोक मागे रेलून हसत होते. काकूही हसत होत्या, पदर तोंडाला लावून. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचा दुसरा हात खुर्चीच्या कडेवर होता आणि त्या कडेचं सोललेलं रेक्झिन नखाने आणखी सोलत होत्या.

मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या. "मला आगपेटी दिसलीच नाही हो," त्या म्हणाल्या. "मला ती बाई दिसली."

"आगपेटी नसती तर अंधारात तीही दिसली नसती," काका म्हणाले. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बाई खाली बसल्या.

अध्यक्षांनी काकूंना उत्तर द्यायला सांगितलं. त्या उठल्या. चुका झाल्या, पुढे काळजी घेईन, असं काहीतरी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "यांच्याच बखरीत ती शेल्याची ओळ होती. मला वाटलं, का दिला असेल तिने?"

"काम केलं म्हणून दिला!" काका जागेवरूनच ओरडले.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. आभारप्रदर्शन झालं.

परतताना रिक्षात आम्ही तिघं होतो. काका खुशीत होते. "आज खरी चर्चा झाली. नाहीतर सगळे गुळमुळीत बोलतात." यात खोटेपणा अजिबात नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी आयुष्यात कुणाला सवलत दिली नव्हती. बायकोला दिली असती तर तिचा अपमान झाला असता, असं त्यांना मनापासून वाटत होतं. काकूंनी पिशवीतून बाटली काढली आणि विचारलं, "पाणी घेता का? बोलून घसा सुकला असेल."

दुसऱ्या दिवशीपासून काकांना फोन यायला लागले. घरच्या माणसालाही सोडलं नाही, म्हणून लोक त्यांचं कौतुक करत होते. मंडळात कुठल्याही पुस्तकावर चर्चा असली की काकांना आधी बोलावणं यायचं. लोक खरं तर त्यांना ऐकायलाच यायचे.

गंमत म्हणजे कादंबरी खपत होती. बायका एकमेकींना भेट देत होत्या. एक दिवस जिन्यात काकूंनी मला थांबवलं. हात कणकेचे होते. "दुसरी मागतायत गं प्रकाशक," त्या म्हणाल्या आणि कोपराने तोंडावरचे केस मागे सारले. चेहरा असा झाला होता, की मला क्षणभर त्या वीस वर्षांच्या असतील तेव्हा कशा दिसत असतील ते दिसलं.

दुसऱ्या कादंबरीत एका गढीला वेढा पडला होता. गढीत एक बाई अडकलेली आणि बाहेरच्या फौजेत एक कारकून. ती तटावर येते, तो खाली हिशेब लिहीत बसलेला असतो, आणि रोज ते एकमेकांना लांबून बघतात. एवढ्यावरून ती गोष्ट पुढे जायची होती.

"यावेळी आधी मी तपासतो," काका म्हणाले. "मंडळात पुन्हा फजिती नको."

फजिती कुणी केली होती ते काकूंनी विचारलं नाही. त्यांनी पहिलं प्रकरण त्यांच्या हातात दिलं. नंतर त्या एकट्या असताना मी म्हटलं, "कशाला देता त्यांना?"

"नाही दिलं तर नंतर सगळ्यांसमोर बोलतील. त्यापेक्षा घरात बोलू देत."

एका रविवारी मी खाली नाश्त्याला होते. काका टेबलाशी कागद घेऊन बसले होते. काकू पोह्यांवर शेव घालत होत्या.

"ही बाई तटावरून त्याच्याकडे बघते," काका म्हणाले. "तो तिच्याकडे बघतो. आधार?"

"कादंबरी आहे ती."

"मग? कादंबरीला आधार नको? अशाच एका वेढ्यातली पत्रं माझ्याकडे आहेत. दाणावैरण, मेलेली जनावरं, तोफा, पाण्याचे हाल, सगळं आहे त्यात. कुणी कुणाकडे बघितल्याचा उल्लेख नाही."

काकूंचा हात थांबला. त्या रागावलेल्या नव्हत्या. अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही माझ्याकडे कधी बघितलंत, याला तरी काय आधार आहे?"

मला उठून जावंसं वाटलं. काकांनी चष्मा काढला. प्रश्न त्यांनी टाळला नाही. प्रश्न टाळणारा माणूस नव्हताच तो. त्यांनी खरोखर विचार केला.

"मुलगा आहे ना कॅनडात," ते म्हणाले.

काकूंनी शेवेच्या बरणीचं झाकण लावलं. "हो," त्या म्हणाल्या. "तो आहे." मग माझ्यापुढे बशी सरकवून म्हणाल्या, "लिंबू पाहिजे का गं?"

काकांनी चष्मा लावला आणि त्या परिच्छेदावर पेन्सिलीने तिरपी रेघ ओढली. काकूंनी ती बघितली.

पुढे वर्षभर प्रकरणं अशीच जात-येत राहिली. बघणं गेलं, त्या जागी जोंधळ्याची टंचाई आली. तटावरची संध्याकाळ गेली आणि तोफांच्या गोळ्यांचं वजन आलं. जवाहर चौकातून प्रिंट काढून आणायला काका स्वतः स्कूटरवरून जायचे. इतका उत्साह मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. काका सांगतील तसं काकू बदलून द्यायच्या. शेवटी शेवटी त्या बदलतही नसत. काका लिहायचे आणि त्या सही केल्यासारखं खाली बघून मान हलवायच्या.

पुस्तक आलं तेव्हा त्यात तळटीपा होत्या, वंशावळ होती, नकाशा होता. ती बाई आणि तो कारकून एकदाच समोरासमोर येतात, ते वैरणीच्या कामासाठी. वर नाव काकूंचं.

प्राध्यापक म्हणाले, "आता लेखिका परिपक्व झाल्या." मंडळात एकही आक्षेप निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकूंची तब्येत बरी नाही का गं?" बायकांनी पुस्तक अर्ध्यातून परत केलं. प्रकाशकाचा फोन यायचा थांबला.

"वाचकांना खरं नको असतं," काका म्हणाले. "मान्य."

काकूंना मी तिसऱ्या कादंबरीबद्दल एकदाच विचारलं. "डोळे दुखतात आता," त्या म्हणाल्या. पण डोळे दुखत नव्हते. कारण हळूहळू त्या काकांच्या शेजारी बसून वाचायला लागल्या होत्या. मंडळात चर्चेला असलेलं पुस्तक काका वाचायचे, काकू त्यांच्या खांद्यावरून बघायच्या आणि मध्येच एखाद्या ओळीवर बोट ठेवायच्या. पंचांग त्यांनी शिकून घेतलं. कुठल्या काळात कुठलं धान्य, कुठली भांडी, सगळं. "हिची नजर माझ्यापेक्षा तेज आहे," काका सांगायचे. दुसरी पेन्सिल घरात आली. मला वाटलं, चेष्टा चाललीय. नवराबायकोला उतारवयात एक खेळ मिळालाय, बरंच आहे.

शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारी एक मुलगी होती. बी.एड. करत होती. काकूंची पहिली कादंबरी तिने इतकी वाचली होती, की पुस्तकाचं मुखपृष्ठ सुटलं होतं. तिने स्वतः एक ऐतिहासिक कादंबरी लिहिली. नर्मदेकाठच्या एका रंगाऱ्याची मुलगी आणि फौजेतला एक स्वार. ती फाइल घेऊन आली, काकूंच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, तुमची वाचूनच लिहिलं. फक्त तुम्हीच बघा." काकूंनी तिला पुढच्या रविवारी बोलावलं.

त्या रविवारी मी तिथेच होते. मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. काका आरामखुर्चीत. काकूंनी चष्मा लावला, फाइल उघडली. पान न् पान पेन्सिलीने भरलेलं होतं.

"पदर गुलबक्षी रंगाचा म्हणतेस," काकू मऊ आवाजात म्हणाल्या. "गुलबक्षीचं झाड तेव्हा आपल्याकडे होतं का? बघितलंस?"

"नाही, काकू."

"बघायला पाहिजे. आता ही मुलगी एकटी नदीवर जाते. कशाला जाते?"

"म्हणजे... तिला जावंसं वाटतं."

"वाटतं, याला काय आधार?"

मुलगी हसली. तिला वाटलं, काकू गंमत करतायत. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि हसणं थांबवलं. काकू पुढचं पान उलटत होत्या. कुठेही आवाज चढला नाही, कुठे घाई नाही. सगळे आक्षेप बरोबर होते. एकेका आक्षेपाबरोबर ती मुलगी खुर्चीत लहान लहान होत गेली.

"बघा!" काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा, तयार झाली की नाही!"

आणि ते काकूंकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बघताना पाहिलं नव्हतं. अभिमानाने, मन भरून. काकूंनाही ते कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली आणि त्या चक्क लाजल्या.

मुलीला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. तिने फाइल पिशवीत कोंबली होती, पानं वाकली होती. "ताई," ती म्हणाली, "ह्या त्याच काकू आहेत ना? ज्यांनी वो घोडीवाली लिहिली?"

"हो," मी म्हटलं.

समोरून आलेल्या ई-रिक्षाला तिने हात केला. ती पुन्हा आली नाही. तिने त्या फाइलचं काय केलं, ते मला माहीत नाही.

मी घरात परत आले तेव्हा काका अंघोळीला गेले होते. मी काकूंना म्हटलं, "एवढं कशाला बोललात हो तिला?"

"घरातच ऐकलेलं बरं. बाहेर लोक हसतात." त्या टेबलावरचा पेन्सिलीचा भुसा ओल्या फडक्याने पुसत होत्या. "आणि चुका होत्या गं. खरंच होत्या."

काही महिन्यांनी माझी बदली नागपूरला झाली. निघताना काकांनी माझ्या ट्रकवाल्याच्या पावतीतली चूक दाखवली आणि काकूंनी चिवड्याचा डबा दिला. मग संपर्क राहिला तो सणावारी मेसेजपुरता.

गेल्या महिन्यात दुपारी ऑफिसात काकांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरतच उचलला.

"सगळं ठीक आहे ना, काका?"

"ठीक आहे. मंडळात आता कुणी पुस्तक ठेवत नाही चर्चेला. कुणी लिहीतच नाही इकडे. आम्ही दोघं नुसते बसून असतो."

मी समोरची फाइल मिटली.

"तुम्ही लिहिता का काही?" त्यांनी विचारलं. "लिहीत असाल तर पाठवा. संकोच करू नका. आम्ही दोघं मिळून बघून देऊ."

"नाही काका. मी काही लिहीत नाही."

"अच्छा." त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून काकूंनी कोणाचा फोन म्हणून विचारल्याचं ऐकू आलं. "आपली भाडेकरू, वरच्या खोलीतली," ते त्यांना सांगत होते. "तीही लिहीत नाही म्हणते."

"बरं करते," काकू म्हणाल्या.